घरगुती बिअर, केग आणि कायदा : रायपूरच्या उन्हाळ्यात दाबाखालच्या पेयाचे गणित

रायपूर : धान्य आंबवून घरच्या घरी पेय तयार करण्याची परंपरा छत्तीसगडला नवी नाही. बस्तरमधील लांदा आणि सरगुजा-जशपूर भागातील हंडिया ही तांदळापासून बनणारी पेये एका अर्थाने या प्रदेशाची बिअरच आहेत. नवे आहे ते पात्र. मातीच्या हंडीऐवजी स्टेनलेस स्टीलचा १९ लिटरचा केग, त्याला जोडलेला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि फ्रिजच्या दारातून बाहेर आलेला नळ, असा संच आता सुटे भाग मागवून घरीच उभा करता येतो. उपकरण सहज मिळते म्हणून त्यात काय भरावे याचीही मोकळीक आहे, असा समज होण्याची शक्यता असते. छत्तीसगडमध्ये तो समज महागात पडू शकतो. शिवाय मे महिन्यात जिथे पारा ४३-४४ अंशांवर जातो, तिथे दाबाखालच्या वायूशी निष्काळजीपणा करणे जिवावरही बेतू शकते.

केग कसा चालतो, उष्ण हवामानात त्याची मांडणी कशी बदलते, त्यात कोणते धोके असतात आणि कायदा कुठे आडवा येतो, याचा हा आढावा.

केग म्हणजे नेमके काय?

केग म्हणजे दाब सहन करणारे, हवाबंद, उभट पिंप. घरगुती वापरासाठी प्रचलित असलेला प्रकार ‘कॉर्नेलियस केग’ या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्म बिअरसाठी झालेला नाही. अमेरिकेत शीतपेयांचे गोड सिरप उपाहारगृहांपर्यंत पोहोचवण्यासाठी तो वापरात होता. पुढे शीतपेय कंपन्या खोक्यातील प्लास्टिक पिशव्यांकडे वळल्या, तेव्हा असे हजारो केग भंगारात निघाले आणि घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींनी ते उचलले.

त्याची क्षमता ५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर असते. उंची साधारण ६३ सेंटिमीटर. वरच्या बाजूस हात आत जाईल एवढे लंबगोल झाकण, झाकणावर दाब प्रमाणाबाहेर गेल्यास वायू सोडून देणारी सुरक्षा झडप आणि दोन तोंडे असतात. एका तोंडातून वायू आत जातो. त्याची आतली नळी आखूड असते, त्यामुळे वायू द्रवाच्या वर साठतो. दुसऱ्या तोंडाची नळी थेट तळापर्यंत उतरते. वरून वायूचा दाब पडला की द्रव तळातून नळीवाटे वर चढतो आणि नळातून बाहेर येतो. पंप नाही, मोटार नाही. सारे काम दाब करतो.

हंडी आणि केग : रसायन एकच

बस्तरच्या लांद्यात तांदळाच्या पिठाला अंकुरित मक्याच्या पिठाची जोड दिली जाते. युरोपीय पद्धतीच्या बिअरमध्ये अंकुरित जव, म्हणजे माल्ट वापरतात. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. दाणा अंकुरतो तेव्हा त्यात स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी विकरे तयार होतात. ही साखर यीस्ट खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. हंडियामध्ये हे काम वनस्पतींच्या मुळ्या-साली आणि तांदळाचे पीठ यांपासून केलेल्या ‘रानू’ नावाच्या गोळ्यांमधील सूक्ष्मजीव करतात.

फरक पुढे पडतो. हंडीतील वायू हवेत निघून जातो आणि पेय एक-दोन दिवसांत संपवायचे असते, कारण हवेच्या संपर्काने ते लवकर आंबट होते. ते तुंब्यातून ओतले जाते आणि पानांच्या द्रोणांत वाढले जाते. केगमध्ये मात्र वायू कोंडून ठेवला जातो. प्राणवायू आत येत नाही, म्हणून पेय थंडाव्यात कित्येक आठवडे टिकते आणि कोंडलेल्या वायूमुळे त्याला फेस येतो. केगची सारी यंत्रणा म्हणजे हंडीतून निसटणारा वायू हवा तेवढाच आत राखण्याची तजवीज आहे.

छत्तीसगडचा कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या आठव्या नोंदीनुसार मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक आणि विक्री हे विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे घरगुती बिअरला देशभर लागू होणारा एकच नियम नाही.

छत्तीसगडमध्ये आज लागू असलेल्या अबकारी कायद्याचे मूळ १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी अधिनियमात आहे. त्या काळी रायपूर हा मध्य प्रांताचा एक जिल्हा होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढे हा कायदा मध्य प्रदेशाकडे आणि १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य अस्तित्वात आल्यावर छत्तीसगडकडे आला. विदर्भ मात्र मुंबई राज्यात सामील झाल्यावर तिकडे मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. एकेकाळी एकाच कायद्याखाली असलेले नागपूर आणि रायपूर आज दोन वेगळ्या कायद्यांखाली आहेत.

या अधिनियमाचे मूळ सूत्र स्पष्ट आहे : परवान्याशिवाय कोणतेही मादक पेय तयार करता येत नाही. बिअर त्यातून सुटत नाही. ‘विकायची नाही, फक्त घरी प्यायची आहे’ हा सर्वसाधारण नागरिकासाठी बचाव ठरत नाही. इतकेच नव्हे, तर मद्यनिर्मितीच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगण्यावरही कायद्याचे नियंत्रण आहे. रिकामा केग घरात असणे हा आपोआप गुन्हा होत नाही, पण त्याच्या शेजारी आंबणाऱ्या माल्टची बादली सापडली की हेतूचा प्रश्न उभा राहतो. बेकायदा निर्मिती आणि बाळगणे यांसाठी अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये शिक्षेची तरतूद आहे.

याला महत्त्वाचा अपवाद आदिवासी समाजाचा आहे. अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना घरगुती वापरासाठी आणि सामाजिक-धार्मिक प्रसंगांसाठी ५ लिटरपर्यंत पारंपरिक मद्य तयार करण्याची व बाळगण्याची मुभा राज्यात आहे. विक्रीची परवानगी त्यात नाही. या सवलतीमागे परंपरेचा विचार आहे. मोहाचे मद्य किंवा तांदळाचे पेय जन्म, विवाह, मृत्यू आणि देवकार्य यांच्याशी जोडलेले आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर निर्बंध घालण्याचे अधिकारही दिले आहेत. म्हणजे परंपरेला मोकळीक आहे आणि तिला आवर घालण्याचा अधिकारही गावाकडेच आहे. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, एका केगची क्षमताच या ५ लिटरच्या मर्यादेच्या जवळपास चौपट आहे.

राज्यातील मद्याची किरकोळ विक्री २०१७ पासून सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते. त्यामुळे रायपूरमध्ये घरी बिअर करून केगमध्ये भरण्याचा कायदेशीर मार्ग सामान्य नागरिकाला आज उपलब्ध नाही.

मग केगची माहिती कोणासाठी? एक तर ज्या देशांत घरगुती बिअरला परवानगी आहे तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी, दुसरे परवानाधारक छोट्या ब्रुअरीत काम करू पाहणाऱ्यांसाठी आणि तिसरे म्हणजे याच केगमध्ये सोडा किंवा आले-लिंबाचे फसफसणारे सरबत भरू इच्छिणाऱ्या कोणासाठीही. पेय कोणतेही असले तरी दाबाचे नियम बदलत नाहीत.

संचाचे भाग

घरगुती केग संचात प्रामुख्याने सहा घटक असतात. केग, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, दाब कमी करणारा रेग्युलेटर, वायूची नळी, पेयाची नळी आणि नळ. या सगळ्याला सामावणारा फ्रिज हा सातवा घटक. उष्ण प्रदेशात तोच सर्वांत निर्णायक ठरतो.

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. २० अंश सेल्सियसला त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ५७ पट. पेयाला हवा असतो १ बारहून कमी दाब. ही दरी रेग्युलेटर सांधतो. त्यावर सहसा दोन तबकड्या असतात. एक सिलिंडरमधील दाब दाखवते, दुसरी केगकडे जाणारा. पहिल्या तबकडीवरून सिलिंडर किती भरला आहे हे कळेल, असे अनेकांना वाटते. ते चूक आहे. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो आणि द्रव संपताच झपाट्याने कोसळतो. वायू किती उरला हे वजन करूनच कळते.

गळती नसेल, तर २ किलो वायूचा सिलिंडर १९ लिटरच्या साधारण १० केगना पुरतो. वायू खाद्यपेयांसाठीच्या शुद्धतेचाच घ्यावा. वेल्डिंगसाठीचा सिलिंडर किंवा जुने अग्निशामक नळकांडे या कामी वापरू नये. त्यांच्या आत तेल, गंज किंवा अन्य वायूंचे अंश असू शकतात.

रायपूरचे ऊन आणि वायूचा दाब

थंड हवामानातील मार्गदर्शक पुस्तके इथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण सिलिंडरशी संबंधित आहे. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सियस आहे. त्याच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूपात राहत नाही आणि बंद सिलिंडरमधील दाब तापमानाबरोबर वेगाने चढत जातो. ३१ अंशांना तो ७३ बारच्या आसपास असतो. त्यापुढे तो किती वाढेल हे सिलिंडर किती ठासून भरला आहे यावर अवलंबून असते. म्हणूनच सिलिंडर काठोकाठ भरला जात नाही आणि त्याच्या झडपेवर जादा दाबाने फुटून वायू सोडणारी सुरक्षा चकती असते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत, गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भरलेला सिलिंडर ठेवणे म्हणजे या सुरक्षेची विनाकारण परीक्षा घेणे होय.

अशा सिलिंडरांचे नियमन गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार होते आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. सिलिंडरच्या मानेवर त्याच्या चाचणीची तारीख कोरलेली असते. ही दाबचाचणी ठरावीक मुदतीने पुन्हा करून घ्यावी लागते. तारीख उलटलेला सिलिंडर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दुसरे कारण पेयात विरघळणाऱ्या वायूशी संबंधित आहे. द्रव जितका थंड, तितका वायू त्यात जास्त विरघळतो. ४ अंशांच्या तुलनेत ३० अंशांना पाण्यात निम्म्याहूनही कमी कार्बन डायऑक्साइड मावतो. बिअरमध्ये सर्वसाधारणपणे तिच्या आकारमानाच्या अडीच पट वायू विरघळवतात. त्यासाठी ४ अंशांना सुमारे ०.८ बार दाब पुरतो. तेवढाच वायू ३० अंशांना राखायचा तर अडीच बारहून अधिक, म्हणजे तिपटीहून जास्त दाब लागतो. एवढ्या दाबाखालील कोमट पेय नळातून सोडले की पेल्यात निव्वळ फेस उतरतो. तात्पर्य, फ्रिजशिवाय केग ही कल्पना रायपूरमध्ये उन्हाळ्यातच काय, वर्षातील बहुतेक महिन्यांत निरर्थक आहे.

तिसरे कारण आंबवण्याच्या प्रक्रियेचे आहे. ‘एल’ प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश आणि ‘लागर’च्या यीस्टला ८ ते १३ अंश तापमान मानवते. त्यातच आंबताना मिश्रण स्वतःही उष्णता सोडते. ३५ अंशांच्या खोलीत हे यीस्ट नको ते उग्र अल्कोहोल आणि सॉल्व्हंटसारखा वास निर्माण करते. याला अपवाद आहे तो नॉर्वेच्या ग्रामीण भागातील ‘क्वाइक’ या पारंपरिक यीस्टचा. ते ३० ते ४० अंशांनाही स्वच्छ चवीचे काम करते. थंड देशातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले यीस्ट उष्ण प्रदेशांच्या उपयोगी पडावे, हा योगायोग रंजक आहे.

जोडणी कशी करतात?

केग उभा मावेल असा एकदारी फ्रिज किंवा आडवा डीप फ्रीझर निवडतात. फ्रीझर मुळात गोठवण्यासाठी असल्याने त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडावा लागतो. नियंत्रकाचा संवेदक मोकळ्या हवेत न ठेवता केगच्या अंगाला चिकटवून वरून इन्सुलेशन लावल्यास यंत्र वारंवार सुरू-बंद होत नाही. फ्रिजच्या बाजूला भोक पाडायचे असेल, तर आधी शीतकाच्या नळ्या कुठून जातात ते शोधावे. एक चुकीचे भोक फ्रिज कायमचा निकामी करते. दारातून भोक पाडणे तुलनेने सुरक्षित असते.

केग वापरण्यापूर्वी तो पूर्ण सुटा करतात. झाकण, दोन्ही तोंडे, आतल्या नळ्या आणि रबरी कड्या वेगळ्या करून धुतात. जुन्या केगच्या रबरी कड्या सरसकट बदलणे शहाणपणाचे, कारण शीतपेयाचा वास रबरात वर्षानुवर्षे राहतो. नंतर केग रिकामाच बंद करून सुमारे १ बार दाब देतात आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. ही पाच मिनिटांची तपासणी टाळली, तर सिलिंडर रातोरात रिकामा होऊ शकतो.

पेय भरण्याआधी ते पूर्ण आंबले आहे याची खात्री करावी लागते. त्यासाठी घनतामापकाची नोंद सलग तीन दिवस सारखी यायला हवी. त्यानंतर पेय सायफनच्या नळीने, खळखळाट न करता, केगच्या तळाशी सोडतात. आंबून झाल्यावर प्राणवायू हा बिअरचा शत्रू असतो. त्याने तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून झाकण लावल्यावर वायूचा दाब देऊन सुरक्षा झडपेवाटे तो सोडतात आणि असे अनेक वेळा करून वरची हवा काढून टाकतात.

यापुढे केग थंड करून ४ अंशांना ०.८ बार दाबावर ठेवला, की सात ते दहा दिवसांत पेयात हवा तेवढा वायू विरघळतो. सुमारे २ बार दाब देऊन केग हलवत राहिल्यास हे काम काही तासांत उरकते, पण वायू प्रमाणाबाहेर जाण्याची शक्यता वाढते. घाई नसेल तर पहिली पद्धत बरी. सिलिंडर कायम उभा ठेवून साखळीने बांधावा. तो आडवा झाल्यास द्रवरूप कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरमध्ये शिरून तो निकामी करतो.

फेसाचे कोडे

नवा संच जोडणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते : पेला फेसानेच भरतो. अशा वेळी बहुतेक जण रेग्युलेटरवरचा दाब कमी करतात. त्यामुळे विरघळलेला वायू नळीतच बाहेर पडू लागतो आणि काही दिवसांत पेय बेचव होते.

खरा उपाय नळीच्या लांबीत असतो. केगमधील दाब नळापर्यंत पोहोचता पोहोचता हळूहळू ओसरला पाहिजे. अरुंद आणि लांब नळी हे काम घर्षणाने करते. सुमारे ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, २ ते ३ मीटर लांबीची नळी ०.८ बार दाबासाठी सर्वसाधारणपणे पुरेशी ठरते. नळी केगवर वेटोळे करून फ्रिजच्या आतच ठेवावी, म्हणजे तीही थंड राहते. नळ फ्रिजच्या बाहेर उंच खांबावर असेल, तर खांबातील पेय खोलीच्या तापमानाला येते आणि पहिला पेला फेसाळतो. फ्रिजमधील थंड हवा खांबात खेळवणारा छोटा पंखा लावून यावर मात करतात. नळ अर्धवट उघडला तरी फेस होतो. तो एका झटक्यात पूर्ण उघडायचा असतो.

स्वच्छता हा निम्मा खेळ

नळीत साचणारे यीस्ट, प्रथिने आणि ‘बिअरस्टोन’ या नावाने ओळखला जाणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडकाळ थर चव बिघडवतात. नळ्या दर दोन आठवड्यांनी अल्कलीयुक्त द्रावणाने धुणे आणि नळ सुटा करून स्वच्छ करणे हा परवानाधारक उपाहारगृहांतील रूढ दंडक आहे. घरीही तोच पाळावा. कॉस्टिक सोडा वापरायचा असल्यास हातमोजे आणि चष्मा अनिवार्य. घरातील ब्लीच स्टीलवर वापरू नये. त्यातील क्लोरीन स्टेनलेस स्टीललाही बारीक छिद्रे पाडते.

न दिसणारा धोका

केगविषयीच्या उत्साही माहितीत सर्वांत कमी बोलले जाते ते वायूच्या गळतीविषयी. कार्बन डायऑक्साइड रंगहीन आणि गंधहीन आहे, हवेपेक्षा दीडपट जड आहे आणि जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण एरवी सुमारे ०.०४ टक्के असते. ते ४ टक्क्यांवर गेल्यास जीविताला तात्काळ धोका मानला जातो.

हे प्रमाण गाठायला किती वायू लागतो? खोलीच्या तापमानाला १ किलो कार्बन डायऑक्साइड सुमारे ५५० लिटर जागा व्यापतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा बंद खोलीत २ किलोचा एक सिलिंडर पूर्ण गळला, तर हवेतील त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या घरात पोहोचते. म्हणजे स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीपुढे खेळण्यासारखा दिसणारा सिलिंडर बंद शयनकक्षात प्राणघातक ठरू शकतो.

रायपूरसारख्या शहरात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. उन्हाळ्यात दारे-खिडक्या दिवसभर बंद असतात. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे खोलीत हवा खेळती राहते. एसी मात्र बहुतांशी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. कूलरच्या घरात जी गळती निभावून जाईल, ती एसीच्या बंद खोलीत निभावेलच असे नाही. म्हणून सिलिंडर झोपण्याच्या खोलीत, तळघरात किंवा जिन्याखालच्या कोंदट जागेत ठेवू नये. जमिनीलगत कार्बन डायऑक्साइड शोधक यंत्र बसवावे. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास इथे नसतो. डोके जड होणे आणि धाप लागणे हाच इशारा असतो. तसे जाणवताच बाहेर पडावे. कोणी बेशुद्ध पडलेले दिसल्यास, खोली मोकळी केल्याशिवाय आत धावू नये.

दाब असताना झाकण उघडण्याचा प्रयत्नही कधी करू नये. आधी वायूची नळी काढून सुरक्षा झडपेवाटे दाब पूर्ण सोडावा. व्यावसायिक ब्रुअरीचे मोठे केग घरी उघडणे तर सर्वथा टाळावे. त्यांच्या आतली नळी दाबाखाली बसवलेली असते आणि ती उसळून गंभीर इजा होऊ शकते.

विषारी दारूच्या दुर्घटनांमुळे घरगुती बिअरविषयीही भीती व्यक्त होते. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक जणांचा बळी गेला. अशा घटनांचे मूळ सामान्यतः औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीत असते. धान्य आंबवून केलेल्या, ऊर्ध्वपातन न केलेल्या पेयात मिथेनॉल नगण्य असते. मात्र याचा अर्थ ती निर्धोक आहे असा नव्हे. मद्यसेवनाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. एका केगमध्ये ६५० मिलिलिटरच्या सुमारे २९ बाटल्यांएवढी बिअर मावते. बाटल्या मोजता येतात, नळातून किती घेतली हे मात्र लक्षात राहत नाही.

इतरत्र काय स्थिती आहे?

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त तयार करण्याची मुभा मिळाली. विक्रीला मात्र बंदीच राहिली. तिथेही अंतिम अधिकार राज्यांकडे असल्याने अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी परवानगी देण्यासाठी २०१३ साल उजाडले. जपानमध्ये आजही १ टक्का किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय परवान्याशिवाय घरी करता येत नाही.

भारतात बदल आला तो घराऐवजी उपाहारगृहांच्या वाटेने. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर अनेक शहरांत जागेवरच बनणारी बिअर केगमधून मिळू लागली. तिथे निर्मितीला परवाना असतो आणि शुल्क भरले जाते. दुसऱ्या टोकाला, छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तर शेजारच्या चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. सीमेच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक असलेल्या मराठी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एका जिल्ह्यातील मुभा दुसऱ्या जिल्ह्यात गुन्हा ठरू शकते.

रायपूरकरांपुढील पर्याय

कायदा आज आहे तसा असेपर्यंत रायपूरमधील घरगुती केगचा निर्वेध उपयोग अल्कोहोलविरहित पेयांसाठीच आहे. गाळलेले थंड पाणी केगमध्ये भरून त्याला २ बार दाब दिला, की एक-दोन दिवसांत उत्तम सोडा तयार होतो. तो दाब बिअरपेक्षा जास्त असल्याने नळी अधिक लांब घ्यावी लागते. आल्याचा रस, लिंबू, जिरे किंवा कोकम घातलेले गाळीव सरबतही भरता येते. मात्र गर गाळून घ्यावा, नाही तर तळातली नळी तुंबते. साखर घातलेले पेय फ्रिजबाहेर राहिल्यास आंबू लागते आणि दाब वाढवते. म्हणून ते सतत थंड ठेवून आठवड्याभरात संपवावे.

गोटी सोड्याची बाटली हिराम कॉड यांनी १८७२ मध्ये पेटंट केली होती. ती बाटलीही आतल्या वायूच्या दाबानेच आपले तोंड बंद ठेवते. केग हे त्याच तत्त्वाचे मोठे आणि अधिक शिस्त मागणारे रूप आहे. घरी तो बसवण्याआधी सिलिंडरवरील चाचणीची तारीख, सांध्यांवरील साबणाचे पाणी, खोलीतील खेळती हवा आणि आपल्या राज्याचा अबकारी कायदा, या चार गोष्टी तपासून घेणे आवश्यक आहे.